पोटाचं कारण

आमच्या कंपनीच्या बसचा मी सात वर्षं प्रमुख होतो. हे पद मला कोणी दिलेलं नव्हतं, आणि त्याची कोणाला गरजही नव्हती. पण पुण्यात तीस माणसं रोज एकत्र प्रवास करू लागली की त्यांतला एक जण नियम लिहायला बसतोच, तसा मी बसलो. बस कर्वेनगरहून सात चाळीसला सुटेल. एक मिनिट थांबेल. उशीर होणाऱ्यांनी फोन करू नये. खिडकीच्या जागेवरून वाद घालू नये. बसमध्ये डबा उघडू नये. आणि सहावा नियम असा की, हिंजवडी येईपर्यंत बस मध्ये कुठेही थांबणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हे सगळं सर्वांत वर लावून ठेवलं होतं, खाली ‘धन्यवाद’ लिहून. पुण्यात माणसाला झिडकारायचं असलं की शेवटी धन्यवाद लिहितात.

आता तो ‘धन्यवाद’ आठवला की मला ते लिहिणाऱ्याची किळस येते. तो मीच होतो, म्हणून हे लिहितो आहे.

या किळसेचं मूळ जरा मागे आहे. माझे वडील अकोल्याकडून पुण्याला आले आणि टपाल खात्यात कारकून म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नाही. ‘आपल्याकडे कोणी बोट दाखवील असं काही ठेवायचं नाही,’ हे त्यांचं एकच सांगणं होतं आणि ते आम्ही भावंडांनी अंगाला लावून घेतलं होतं. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी वर्गातला एक मुलगा यादी बघता बघता सहज म्हणाला, “तुमचं काय बाबा, सवलतीत झालं.” त्याला त्यात वाईट काही बोललो असं वाटलंही नसेल. मला मात्र तो शब्द असा लागला की पुढे मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलंच नाही. मुदतवाढ नाही, रजा नाही. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मी ऑफिसात हजर होतो. ही गोष्ट मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. माझ्या टीममधल्या प्रत्येकाने ती निदान दोनदा ऐकलेली आहे.

स्वतः मागितलं नाही इथवर ठीक होतं. पण जो मागत नाही तो हळूहळू मागणाऱ्याचा तिरस्कार करायला लागतो, आणि त्या तिरस्काराला शिस्त म्हणतो.

माझ्या टीममध्ये एक बाई होती. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. ते ती फार चोख करायची. मूळची भंडाऱ्याकडची, पंधरा वर्षं पुण्यात, वारज्याला राहायची. कामावर रुजू झाली त्या दिवशी लिफ्टमध्ये माझं आडनाव विचारून झाल्यावर ती हसून म्हणाली, “जय भीम, सर.” लिफ्टमध्ये आणखी दोघे होते. मी आधी त्या दोघांकडे पाहिलं आणि मग तिला म्हणालो, “गुड मॉर्निंग.” तिने ते लगेच ओळखलं. पुढची सहा वर्षं तीही मला गुड मॉर्निंगच म्हणत आली.

तिची गोष्ट बसमधल्या एका सकाळपासून सुरू होते. वाकडच्या पुलाखाली बस अडकली होती. रोजच अडकते. ती मागून उठून पुढे आली आणि ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभी राहिली.

“सर, गाडी जरा बाजूला घ्यायला सांगता का? दोनच मिनिटं.”

“काय झालं?”

“पोट.”

“दहा मिनिटांत पोचतोय.”

“वाकडची दहा मिनिटं किती असतात हे तुम्हाला माहीत आहे, सर.”

मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, घरूनच आवरून निघायचं ना!” त्यावर आणखी एक जण ओरडला, “नियम क्रमांक सहा!” सगळी बस हसली. मीही हसलो. माझा नियम लोकांच्या तोंडी बसला आहे याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

ती माझ्याशी पुढे बोललीच नाही. ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, दार उघडा.” ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच मान हलवली नाही. थोडा वेळ घेतला. कशासाठी, ते आता सांगता येत नाही. बहुधा आपल्या मानेवर दार उघडतं हे जरा चाखून बघण्यासाठी. मग मान हलवली. ती पर्स पोटाशी धरून दुचाक्यांच्या गर्दीतून पलीकडे एका हॉटेलाकडे गेली. तेवढ्यात पुढची गर्दी सुटली आणि आमची बस निघाली. ती साडेदहाला ऑफिसात पोचली. तोवर मी ग्रुपवर लिहिलं होतं: ‘ज्यांना प्रवासात मध्येच उतरावं लागतं त्यांनी पर्यायी व्यवस्था करावी. धन्यवाद.’ त्यावर लोकांनी अंगठे दिले.

तिने पर्यायी व्यवस्था केली. स्कूटरवरून यायला लागली. वारज्यापासून हिंजवडीपर्यंत कोणत्या पेट्रोल पंपावरच्या संडासाला कडी आहे आणि कोणतं हॉटेल चहा न घेता आत सोडतं, हे तिला पाठ होतं. हे मला फार नंतर कळलं. माणसाचं शहर असंही असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

काही महिन्यांनी कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येणं सक्तीचं केलं. वैद्यकीय कारण असेल तर तीन दिवस घरून काम करायची परवानगी मिळत होती. पण त्या अर्जावर मॅनेजरचा शेरा लागायचा. तिचा अर्ज माझ्याकडे आला. मी तिला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. समोर तिची फाईल होती, आणि मी ती तपासनिसासारखा चाळत होतो.

“किती दिवसांपासून आहे हे?”

“तीन वर्षं झाली. रिलीजच्या आठवड्यात जास्त होते. सुट्टीत कमी.”

“म्हणजे सुट्टीत नसतं.”

“कमी असते म्हटलं मी, सर.”

“एन्डोस्कोपी वगैरे?”

“दोन्हीकडून झाली. वरून झाली, खालून झाली. मध्ये काही सापडलं नाही.” ती हसली. मी हसलो नाही.

“मग डॉक्टरांचं म्हणणं काय?”

“आतड्याची चाल बिघडते म्हणतात. टेन्शन आलं की जास्त. अन् बिघडेल या टेन्शननं आणखी जास्त.”

“थोडं मन घट्ट करायला पाहिजे.”

“मन घट्टच आहे, सर. बाकीचं नाही.”

यावरही मी हसलो नाही. खरं तर या वाक्यावर कोणीही हसलं असतं. मी फाईल बंद केली, आवाज खाली आणला आणि मोठ्या विश्वासात घेतल्यासारखा म्हणालो, “हे बघ, तुला दिलं तर लोक म्हणतील, यांनी आपल्या माणसाला सवलत दिली. तुझं-माझं एक आहे, म्हणून तर मला जास्त सांभाळावं लागतं.”

ती उठली. “तुमचं-माझं एक आहे हे मला आजच कळलं, सर. लिफ्टमध्ये तसं वाटलं नव्हतं.”

ती गेल्यावर मी शेरा लिहिला: ‘सर्व तपासण्या नॉर्मल. शिफारस नाही.’ चार-पाच शब्दांत काम झालं याचा मला अभिमान वाटला. संध्याकाळी ते मी बायकोला सांगितलंसुद्धा. ती शाळेत शिकवते. भाजी निवडता निवडता म्हणाली, “बाथरूमला जायचं म्हटलं तर मी सहावीतल्या पोरांनाही अडवत नाही. तुम्ही अडवता? मोठेच साहेब झालात.”

त्यानंतर महिन्याभराने कंपनीने आमच्यासाठी पोटाच्या आरोग्यावर एक व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची. हजेरी सक्तीची करून ताणमुक्तीवर व्याख्यान देणं हे फक्त आमच्याच धंद्याला सुचतं. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत आले. पोट म्हणजे दुसरा मेंदू, असं ते इतक्यांदा म्हणाले की पहिल्याविषयी शंका यावी. पोटातले जिवाणू आनंदी तर तुम्ही आनंदी, म्हणाले. आंबवलेलं खा, दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञ राहा. कोणाबद्दल, ते सांगितलं नाही. रात्रीअपरात्री परदेशातून येणारे फोन, दर आठवड्याला बदलणाऱ्या तारखा, दीड तासाची बस, यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मानधन देणाऱ्यासमोर ते बोलणं बरंही दिसलं नसतं. मजल्यावरच्या संडासाच्या दारावर त्या आठवड्यात ‘आपल्या पोटाचं ऐका’ असा फलक लागला होता. दोनपैकी एक संडास दुरुस्तीसाठी बंद होता आणि फलक त्याच दारावर होता.

ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. मध्येच उठली तेव्हा पाहुणे व्यासपीठावरून गोड आवाजात म्हणाले, “काय मॅडम, कंटाळलात?”

“नाही सर,” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं तेच करायला चालले.”

लोक हसले. या वेळी हसणं तिच्या बाजूने होतं, आणि मला ते आवडलं नाही.

मग कामं कमी झाल्याची बातमी आली. आमच्याकडे माणसाला काढतात असं म्हणत नाहीत, ‘मोकळं करतात’ म्हणतात. कोणाला मोकळं करायचं, कोणत्या मॅनेजरची गरज उरली नाही, याच्या याद्या वरच्या मजल्यावर बनत होत्या. आणि त्याच दिवसांत माझं पोट बिघडलं.

सकाळी सहाला कळ यायची. बस यायच्या आधी चार-चार वेळा जावं लागायचं, आणि तरी जिना उतरताना वाटायचं, पुन्हा एकदा जाऊन यावं. काल काय खाल्लं ते मी आठवत बसायचो. दूध बंद केलं, मग गहू, मग डाळ. पोट काही ऐकेना. शेवटी डहाणूकर कॉलनीजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यात पाटी आहे, ‘मोबाईलवर वाचून आलेल्यांनी उपचारही तिथेच घ्यावेत.’ त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवले.

“सगळं नॉर्मल आहे.”

“मग मला होतंय ते काय?”

“रविवारी होतं का?”

“नाही.”

“रविवारी संध्याकाळी?”

मी विचार केला. “हो. सातनंतर सुरू होतं.”

“म्हणजे तुमच्या आतड्याला वार कळतात. हिंजवडीला जाणाऱ्या बऱ्याच आतड्यांना कळतात.”

“म्हणजे हे मनाचंच आहे का?”

“मनाचं नाही हो, आतड्याचं आहे. डोकं आणि आतडं यांच्यात नसा आहेत, निरोप दोन्हीकडून जातात. भीतीनं पोटात गोळा येतो म्हणतो आपण, ती काय कविता वाटली तुम्हाला?”

“पण कागदावर तर काहीच नाही.”

“मग निराश झालात का? दुखतंय ना? मग आहे. कागदावर नसलं तरी आहे.” चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “ऑफिसात काय अडलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. डॉक्टरांना फी देऊन खोटं बोलणारा माणूस किती मूर्ख असतो हे मला त्या खुर्चीत कळत होतं, तरी बोललो. मला माझा शेरा आठवला होता. अक्षरन् अक्षर आठवला होता.

डॉक्टरांनी जेवणाच्या वेळा, चालणं आणि एक छोटी गोळी सांगितली. त्यावर भागवायला हवं होतं. मी त्याऐवजी इलाज विकत घ्यायला निघालो. जिवाणूंच्या कॅप्सूल आणल्या. मंडईत जाऊन गाजरं आणि बीट आणून बरणीत आंबवायला ठेवली. चौथ्या दिवशी झाकण उडालं आणि स्वयंपाकघराची भिंत लाल झाली. माझी आई उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करायची, तेव्हा आम्ही शहाणी पोरं नाकं मुरडायचो. आता तोच प्रकार कोणी इंग्रजी नावाने बाटलीत भरून दिला की मी लेबल वाचत वाचत पीत होतो. चूक कबूल करणं फुकट आणि आंबवलेलं बीट विकत, तर हा गृहस्थ बीट घेतो. बायको भिंत पुसत म्हणाली, “आणि तुमचा अर्ज आला तर त्यावर काय लिहायचं? शिफारस नाही?”

ती यादी त्याच आठवड्यात आली. माझ्या टीममधून एकच नाव होतं, तिचं. ज्यांची ऑफिसातली हजेरी परवानगीशिवाय कमी भरली त्यांना मोकळं करायचं, असा नियम होता. स्कूटर मध्ये थांबवत ती उशिरा पोचायची, काही दिवस पोचायचीच नाही, घरूनच काम करून पाठवायची. परवानगी असती तर तिची हजेरी पूर्ण भरली असती. ती परवानगी मी नाकारली होती. म्हणजे तिची नोकरी माझ्याच शेऱ्यावर जात होती, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला यादीवर ‘मान्य’ म्हणायचं होतं.

मी मनुष्यबळ विभागातल्या बाईंना फोन केला. त्या अतिशय नम्र होत्या.

“सर, शेरा तुमचाच आहे. तुम्ही बदलू शकता. शिफारस झाली तर हजेरी नियमात बसते आणि नाव आपोआप निघतं. फक्त बदलायचं कारण लिहा.”

कारण काय लिहिणार? तेव्हा मी चुकलो, कारण दुखणं खरं असतं हे मला स्वतःला झाल्यावर समजलं? मॅनेजरांची यादी बनत असताना, याचा निर्णय चुकतो आणि याचं पोटही बिघडलंय, हे मी माझ्याच हाताने लिहून द्यायचं? मला मुलीचं कॉलेज दिसत होतं, घराचे हप्ते दिसत होते. तिलाही दोन मुलं होती. ती मला ठरवून बघावी लागत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार मी काहीच केलं नाही. कॅप्सूल मात्र वेळेवर घेतल्या.

गुरुवारी सकाळी बस बाणेरच्या पुढे गेली आणि मला कळ आली. पुढे गाड्यांची रांग दिसत होती. पाय दाबून, दात आवळून मी थोडा वेळ काढला, कपाळावर घाम आला. मग मी उठलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, “जरा बाजूला घ्या.”

त्याने विचारलं नाही, तत्क्षणी घेतली. मी उतरलो, समोरच्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरच्या माणसाने माझं ओळखपत्र बघून ‘या साहेब’ म्हणत आतली वाट दाखवली. अकरा मिनिटांनी मी परत आलो तर बस तिथेच उभी होती. कोणी हसलं नव्हतं. नियम क्रमांक सहा कोणाला आठवला नव्हता. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, दुसऱ्याने काळजीने विचारलं, “सर, बरं वाटतंय ना आता?” त्या बसमधली माणसं वाईट नव्हती. वाईट वागायचं की नाही, हे ती माझ्याकडे बघून ठरवत होती.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण लाजेने माणूस लगेच सुधारतो असं समजू नका. ऑफिसात जाऊन मी शेरा बदलला तो असा: ‘संबंधित कर्मचाऱ्याने नवीन वैद्यकीय कागदपत्रं सादर केल्यामुळे शिफारस करत आहे.’ तिची नोकरी वाचली आणि माझंही काही गेलं नाही. मी इतका खूश झालो की त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. या शेऱ्याची एक प्रत तिलाही जात होती.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

“सर, मी नवीन कागद कधी दिले?”

“अगं, असं लिहावं लागतं. काम झालं ना?”

“झालं. थँक्यू. पण कागद कोणते?”

“फॉर्मॅलिटी असते ती.”

“उद्या कोणी फाईल उघडली अन् म्हटलं, दाखवा ते नवीन कागद, तर काय दाखवू मी? खोटं तुम्ही लिहिलं, अन् खोटी मी ठरून राहिले.” तिने आवाज चढवला नव्हता. “म्हणजे माझे जुने कागद अजूनही खोटेच आहेत ना?”

मी तिला त्याच छोट्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. पोट, तपासण्या, डॉक्टर, सकाळची बस. सांगताना मला वाटत होतं की ती विरघळेल, ‘अरे बापरे, सर’ म्हणेल. जिचं मी इतकं वाकडं केलं तिच्याकडूनच मला सहानुभूती हवी होती. माणूस किती खालच्या पायरीला जाऊ शकतो याचा मला त्या दिवशी अंदाज आला.

तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्यासाठी थांबली बस?”

“हो.”

“हसलं कोणी?”

“नाही.”

“पाणी दिलं असेल.”

“दिलं.”

तिने मान हलवली. “म्हणजे तुमचं पोट दुखलं तेव्हा माझं खरं झालं.”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे, सर. आता लिहा मग खरं.”

“हे बघ, मॅनेजरांचीही यादी बनतेय. माझी परिस्थिती...”

“माझी तर बनली होती,” ती म्हणाली. “तीन दिवस तुमच्याजवळ होती.”

मला हे ठाऊक नव्हतं की तिला ठाऊक होतं. सोमवारपासून ती रोज माझ्यासमोरून जात होती, गुड मॉर्निंग म्हणत होती, काम पूर्ण करून पाठवत होती, आणि मी कधी हालतो याची वाट बघत होती. त्या तीन दिवसांत तिच्या पोटाचं काय झालं असेल, हे मी तिला विचारलं नाही. विचारण्याचा अधिकार राहिला नव्हता.

मी लॅपटॉप उघडला. लिहिलं, ‘काही गैरसमजामुळे माझा आधीचा शेरा...’ ती शेजारी उभी राहून वाचत होती.

“गैरसमज कुठं होता? वरून, खालून, सगळं तर सांगितलं होतं तुम्हाला.”

मी ते खोडलं. पुन्हा लिहिलं: ‘माझा आधीचा शेरा चुकीचा होता. अर्जासोबतची कागदपत्रं तेव्हाही पुरेशी होती. नवीन कागदपत्रांविषयी मी लिहिलेलं खरं नाही.’ तिने दोनदा वाचलं. काम करताना ती जशी ओळ न् ओळ तपासायची, तसंच.

“पाठवा,” ती म्हणाली.

मी पाठवलं. या वेळी तिने थँक्यू म्हटलं नाही, आणि ते बरोबर होतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. तिची परवानगी कायम राहिली. मला लेखी खुलासा मागितला गेला, आणि वर्षाच्या शेवटी माझ्या कामाच्या मूल्यमापनात ‘निर्णय घेण्यात सातत्य नाही’ असं आलं. नोकरी राहिली. बसचं प्रमुखपद मी सोडलं. आठ दिवसांत दुसऱ्या एका गृहस्थांनी ते उत्साहाने घेतलं आणि नियमांची यादी नव्याने लिहिली. सहावा नियम काढा, असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, “बघू, सगळ्यांचं मत घेऊ.” खरं लिहिल्यावर आपलं पोट बरं होईल असंही मला वाटलं होतं. व्याख्यानवाल्या पाहुण्यांना शोभेल असलाच तो विचार. पोट काही बरं झालं नाही. गोळीने आणि चालण्याने थोडं सुधारलं आहे, रविवारी सातनंतर अजून गुरगुरतं.

तिने टीम बदलून मागितली. मिळाली. दोन महिन्यांनी तिच्या नव्या मॅनेजरचा मला फोन आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार माणूस. बोलण्यात अर्धं इंग्रजी.

“सर, एक क्विक विचारायचं होतं. ती तुमच्याकडे होती ना, तिचा परवानगीचा इश्यू... जेन्युइन आहे ना? म्हणजे, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत म्हणून विचारलं.”

माझ्या आसपास चार टेबलं होती आणि चारही टेबलांवर माणसं होती. मी फोन घेऊन बाहेर जाऊ शकलो असतो. उठलोही होतो. मग खाली बसलो.

“जेन्युइन आहे,” मी म्हणालो. “मी आधी नाही म्हटलं होतं, ती माझी चूक होती. आणि तोच आजार मला आहे. माझेही रिपोर्ट नॉर्मल आहेत.”

पलीकडे तो ओशाळून हसला. म्हणाला, “ओके सर, ओके. टेक केअर.”

शेजारच्या टेबलावरच्याने टाइप करणं थांबवलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत ते सगळ्या मजल्याला कळलं.